पाण्यातलं पाऊल, जमिनीवरचं पाऊल

अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की कुलाबा किल्ल्याकडे माणसांची रीघ सुरू होते. चपला हातात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एखाद्याच्या कडेवर लेकरू. पाणी घोट्यापर्यंत असतं तोवर गप्पा रंगलेल्या असतात. सखल जागी ते पोटरीपर्यंत चढतं आणि चाल बदलते. माणसं पाऊल पाण्याबाहेर उचलून पुढे टाकू लागतात, बगळ्यासारखी. पाणी गुडघ्याच्या वर गेलं की तेही जमत नाही. मग पाय पाण्यातूनच रेटावा लागतो, हात आपोआप बाजूला पसरतात, गप्पा थांबतात. पलीकडच्या कोरड्या वाळूवर पोचेपर्यंत मांड्या भरून आलेल्या असतात. तोच माणूस पोहण्याच्या तलावात छातीभर पाण्यात उभा राहतो, तेव्हा मात्र त्याला स्वतःच्या शरीराचं वजन जाणवेनासं होतं.

एकीकडे पाण्याने पाय जड केले, दुसरीकडे त्याच पाण्याने शरीर हलकं केलं. गुडघेदुखीने बेजार झालेल्या आजींना डॉक्टर पाण्यात चालायला सांगतात तेव्हा त्यांना पाण्याचा हलकेपणा हवा असतो. पावसाळ्यात ओढा ओलांडून शेतावर जाणाऱ्याला पाण्याचा जडपणा ठाऊक असतो. दोघांचंही म्हणणं खरं आहे. पाण्यातला व्यायाम हलका की जड, असं विचारलं तर धड उत्तर मिळत नाही, कारण त्या प्रश्नात पाय हा एकसंध अवयव मानलेला असतो. प्रत्यक्षात पाय म्हणजे अनेक स्नायूंचा मेळ. पाण्यात उतरताच या मेळात कामाची वाटणी नव्याने होते. कुणाला सुट्टी मिळते, कुणावर जादा पाळी येते, कुणाची कामाची वेळच बदलते. ही फेरवाटणी कशी होते, ती मोजायची कशी आणि तिचा उपयोग कुणाला, हा पुढील पानांचा विषय आहे. त्या पानांकडे वळण्याआधी थोडी तयारी हवी, तीच या प्रस्तावनेत केली आहे.

पाणी शरीराला काय करतं, इथून सुरुवात करावी लागते. पाण्यात बुडालेल्या वस्तूवर तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकं बल वरच्या दिशेने लागतं, हे आर्किमिडीजचं तत्त्व शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. चालणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्याचा अर्थ सोपा आहे: पाणी जितकं वर चढेल तितका पायांवरचा भार उतरेल. कंबरेपर्यंतच्या पाण्यात उभं राहिलं तर पावलांवर शरीराच्या वजनाचा साधारण निम्मा भार उरतो. छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत पाणी आलं की तो एक तृतीयांशाच्या आसपास येतो आणि मानेपर्यंत आलं की जेमतेम एक दशांश. ७० किलोच्या माणसाच्या पावलांवर गळ्याइतक्या पाण्यात सातेक किलोचाच भार पडतो. शरीरात चरबी किती, हाडं-स्नायू किती, यावरही हा आकडा थोडा हलतो. म्हणूनच एकाच खोलीवर स्त्रियांच्या पावलांवर वजनाच्या प्रमाणात पुरुषांपेक्षा सरासरी थोडा कमी भार येतो.

हा झाला हलकेपणाचा हिशोब. जडपणाचा हिशोब वेगळा आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं. त्यातून पाय पुढे नेताना पाणी त्याला अडवतं, आणि ही अडवणूक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला की विरोध चौपट होतो, तिप्पट केला की नऊपट. सावकाश हलवलेला पाय पाण्यात सहज तरंगत जातो आणि जोरात झटकलेला पाय भिंतीला थटल्यासारखा वाटतो, याचं कारण हेच. पाण्याचा हलकेपणा खोलीवर ठरतो, जडपणा वेगावर. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच पायावर काम करत असतात. पुढे येणाऱ्या प्रत्येक प्रयोगाच्या तळाशी हीच जोडी सापडेल.

तिसरी गोष्ट पाण्याचा दाब. एक मीटर खोलीवर तो पाऱ्याच्या सुमारे ७४ मिलिमीटर उंचीइतका होतो. हा दाब पायांतलं रक्त वर ढकलतो. गळ्याइतक्या पाण्यात बसलेल्या माणसाच्या छातीत सुमारे ७०० मिलिलिटर जादा रक्त येऊन पोचतं. हृदय जास्त भरतं, प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त फेकतं आणि नाडी बऱ्याचदा मंदावते. पाण्यात व्यायाम करणाऱ्याने जमिनीवरच्या नाडीच्या आकड्यांवरून आपल्या कष्टाचा अंदाज बांधला तर तो चुकतो. पायांची सूज पाण्यात उतरते, तिचंही मुख्य कारण हा दाब.

आता स्नायूंची ओळख. पुढील पानांत काही नावं पुन्हा पुन्हा येतील. मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायूंचा गट असतो, तो क्वाड्रिसेप्स. गुडघा सरळ करणं आणि उठता-बसता, जिना उतरताना शरीर सावरून धरणं हे त्याचं काम. मांडीच्या मागच्या बाजूला हॅमस्ट्रिंग. ते गुडघा दुमडतात आणि मांडी मागे खेचतात. नितंबातले ग्लूटियस स्नायू खुब्याला आधार देतात आणि पाय मागे नेतात. पोटरीत दोन थर: वरचा गॅस्ट्रोक्नेमियस आणि त्याखालचा सोलियस. हे टाच उचलतात आणि शरीर पुढे ढकलतात. नडगीच्या बाहेरच्या अंगाला टिबिआलिस अँटीरिअर असतो, तो पाऊल वर उचलून धरतो. तो थकला की चालताना पाऊल फटफट आपटू लागतं.

जमिनीवरच्या एका पावलात या सगळ्यांची पाळी ठरलेली असते. टाच टेकते त्या क्षणी क्वाड्रिसेप्स जागे होऊन गुडघा कोसळू देत नाहीत आणि नडगीचा स्नायू पाऊल हळूच खाली सोडतो. शरीर पावलावरून पुढे सरकतं, पोटरी ताणली जाते आणि शेवटी चवड्यावरून जोरात ढकलते. मग पाय हवेत झुलतो. हवेचा विरोध नगण्य असल्याने त्याला फारसं बळ लागत नाही, आणि टाच पुन्हा टेकण्याआधी हॅमस्ट्रिंग त्या झुलत्या पायाला लगाम घालतात. या सगळ्या रचनेचा पाया गुरुत्वाकर्षण आहे. शरीर सतत खाली ओढलं जातं आणि स्नायू ते ठराविक क्षणी सावरतात. पाण्यात हा पायाच हलतो.

पण स्नायू काम करतो आहे की नाही, हे बाहेरून कळणार कसं? बोट ठेवून अंदाज येतो, मोजमाप होत नाही. त्यासाठी स्नायूची वीज ऐकावी लागते. इटलीत बोलोन्या येथे लुइजी गॅल्व्हानी याने मेलेल्या बेडकांच्या पायांवर प्रयोग केले आणि स्नायू आणि वीज यांच्या नात्याबद्दलचा आपला ग्रंथ १७९१ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर अर्धशतक उलटल्यावर, १८४९ साली, बर्लिनच्या एमिल द्यु ब्वा-रेमों याने जिवंत माणसाच्या स्नायूंमधली वीज नोंदवून दाखवली. त्याची रीत या विषयाच्या वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे. माणसाने दोन्ही हातांची बोटं मिठाच्या पाण्याच्या दोन भांड्यांत बुडवायची, एक दंड आवळायचा, आणि त्या भांड्यांना जोडलेल्या गॅल्व्हनोमीटरची सुई हलते का ते पाहायचं. कातडी विजेला अडवते हे ध्यानात आल्यावर त्याने कातडीवर फोड आणून वरचा थर काढला, तेव्हा सुई बरीच जास्त हलली. माणसाच्या स्नायूचा तो पहिला आवाज मिठाच्या पाण्यातूनच ऐकू आला होता.

आजची रीत पुष्कळ सौम्य आहे. जागा दाढीच्या ब्लेडने केस काढून, स्पिरिटने पुसून स्वच्छ करतात. स्नायूच्या तंतूंच्या दिशेने दोन छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात, त्यांच्या मध्यांतलं अंतर सहसा दोन सेंटिमीटर. स्नायू आवळला की व्होल्टच्या हजाराव्या भागाइतका, बऱ्याचदा त्याहूनही कमी विद्युतदाब तिथे उमटतो. यंत्र तो वाढवून पडद्यावर उतरवतं. निवांत स्नायूची रेघ जवळजवळ सपाट असते. स्नायू आवळताच ती दाट केसाळ होते, जणू शाईच्या रेषेवर अंगभर काटा फुलला. याला इलेक्ट्रोमायोग्राफी म्हणतात, रोजच्या बोलण्यात ईएमजी. जॉन बस्माजियन यांच्या ‘मसल्स अलाइव्ह’ या १९६२ च्या पुस्तकाने या तंत्राला चालत्याबोलत्या माणसाच्या अभ्यासात मानाची जागा मिळवून दिली.

ईएमजीचा आकडा एकट्याने काही सांगत नाही. एकाच्या मांडीवर चरबीचा थर जाड, दुसऱ्याच्या पातळ. इलेक्ट्रोड बोटभर सरकला तरी आकडा बदलतो. म्हणून आधी त्या माणसाला तो स्नायू जीव खाऊन आवळायला लावतात. तो झाला त्याचा १०० टक्के जोर. मग चालताना त्याच स्नायूतून किती टक्के निघाले ते पाहतात. पाणी आणि जमीन यांची तुलना या टक्क्यांच्या भाषेत होते. ईएमजी स्नायूचं बळ थेट मोजत नाही, हेही इथेच सांगायला हवं. मेंदू आणि मज्जारज्जू त्या स्नायूला किती जोराने हाक देतात, त्याचा तो अंदाज असतो. बळ आणि हाक यांचं नातं जवळचं आहे, पण ते एकच नव्हेत.

हे यंत्र पाण्यात न्यायचं म्हटल्यावर पहिली अडचण अगदी घरगुती असते. पाणी आत शिरतं. इलेक्ट्रोडच्या कडेने पाण्याचा पापुद्रा गेला की स्नायूची वीज त्यातून निसटते आणि रेघ खोटीच लहान दिसते. नोंद पाहणारा म्हणतो, पाण्यात स्नायूने कमी काम केलं. खरं तर इलेक्ट्रोड भिजलेला असतो. इटलीतल्या अल्बेर्तो राइनोल्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये याच शंकेचा पाठपुरावा केला आणि पाण्याखालच्या नोंदींसाठी इलेक्ट्रोडवर जलरोधक चिकटपट्टी लावणं आवश्यक असल्याचं दाखवलं. आता इलेक्ट्रोडवर पारदर्शक पातळ ड्रेसिंग, त्यावर आणखी एक पट्टी, तारेच्या मुळाशी सील, असा थाट असतो. तयारीत खूप वेळ जातो. तरीही एखादी पट्टी सुटते आणि त्या दिवसाची नोंद टाकून द्यावी लागते. या क्षेत्रातला कोणताही निष्कर्ष वाचताना इलेक्ट्रोड कसे झाकले होते हे आधी पाहावं. एरवी कंटाळवाणा वाटणारा तो परिच्छेद इथे सगळ्यात महत्त्वाचा असतो.

झाकूनही एक कोडं उरतंच. फिनलंडमधले तापानी पोयहोनेन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये माणसांना बसवून गुडघा सरळ करण्याचा जोर लावायला सांगितला, आधी जमिनीवर आणि मग पाण्यात. गुडघ्याची हालचाल नव्हती, म्हणजे पाण्याचा विरोधही नव्हता. जोर दोन्हीकडे सारखा भरला, तरीही पाण्यातली ईएमजीची रेघ लहान निघाली. पुढे इतर काही गटांनी इलेक्ट्रोड नीट झाकून असेच प्रयोग केले, तेव्हा कमाल जोराच्या नोंदीत फरक आढळला नाही. पाण्याचा दाब, वजन उतरल्याने मज्जासंस्थेला मिळणारी वेगळी खबर, की विजेचीच गळती, यावर अभ्यासक वाद घालत राहिले. हा वाद मोलाचा आहे. त्याच्यामुळेच पुढच्या अभ्यासकांनी आपली कमाल जोराची चाचणीही पाण्यातच घ्यायला सुरुवात केली.

चालण्याच्या प्रयोगांकडे वळू. जपानमधल्या क्युशू विद्यापीठातल्या केंजी मासुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहत्या पाण्याच्या हौदाच्या तळाशी ट्रेडमिल बसवलेलं यंत्र वापरलं. पाणी छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत. निरोगी माणसं जमिनीवर मिनिटाला ६०, ८० आणि १०० मीटर वेगाने चालली, तर पाण्यात नेमकी त्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे ३०, ४० आणि ५० मीटर. मांडी, पोटरी, नडगी, नितंब, पोट, पाठ अशा सगळीकडच्या स्नायूंची नोंद घेतली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा की पाण्यात स्नायूंचं विद्युत काम जमिनीपेक्षा कमी राहिलं, समोरून प्रवाह सोडला तेव्हाही.

हे वाचून हलकेपणाची बाजू जिंकली असं वाटेल. पण निम्मा वेग का घेतला, हा प्रश्न विचारला की चित्र पालटतं. कंबरेभर पाण्यात चालताना जमिनीइतकाच प्राणवायू खर्च व्हायला अर्धा ते एक तृतीयांश वेगही पुरतो, हे १९७८ पासून ठाऊक होतं. म्हणजे मासुमोतोंच्या तुलनेत वेग सारखे नव्हते, साधारण कष्ट सारखे होते. उलट वेगच सारखा ठेवला, तर पाण्यातलं चालणं झपाट्याने अवघड होतं आणि मांडीचे स्नायू जमिनीपेक्षा जास्त राबू शकतात. माणसाला स्वतःच्या मर्जीने चालू दिलं, तर तो पाण्यात आपोआप मंदावतो आणि आकडे पुन्हा खाली येतात. एका अभ्यासात कमी, दुसऱ्यात जास्त, तिसऱ्यात सारखं, अशी उत्तरं आली की वाचक गोंधळतो. बहुतेकदा उत्तरं भांडत नसतात, प्रश्न वेगळे असतात. सारखा वेग, सारखे कष्ट की सारखी मर्जी, हे आधी ठरवलं की गुंता बराच सुटतो.

किती काम झालं याहून ते कधी झालं ही गोष्ट जास्त रंजक आहे. ब्राझीलमध्ये साव पावलो येथे आना बारेला, सँड्रो स्टॉल्फ आणि मार्कोस दुआर्ते यांनी छातीभर पाण्यात चालणाऱ्यांच्या पावलांखाली बल मोजणारी पाटी ठेवली. जमिनीवर या बलाच्या आलेखाला दोन उंचवटे असतात, एक टाच टेकल्यावरचा आणि एक चवड्याने ढकलतानाचा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदींत पाण्यातला आलेख पसरट झाला होता, उंचवटे जवळपास विरले होते. त्याहून लक्षवेधी होतं आडव्या दिशेचं बल. जमिनीवर प्रत्येक पावलात माणूस आधी थोडा ब्रेक लावतो आणि मग पुढे ढकलतो. पाण्यात ब्रेक लावायची वेळच येत नाही, कारण तो पाणी लावतं. पाऊल टेकल्यापासून उचलेपर्यंत माणूस फक्त ढकलत राहतो. स्नायूंच्या रेघाही तशाच निघाल्या. जमिनीवर ठराविक क्षणी उसळणाऱ्या, पाण्यात बऱ्याच सपाट पसरलेल्या.

हे ढकलणं कोण करतं? जमिनीवर ते काम मुख्यतः पोटरीचं. पाण्यात अंगावरचं वजन उतरल्याने पोटरीला रेटायला पुरेसा भारच मिळत नाही. अशा वेळी खुबा पुढे येतो. नितंब आणि हॅमस्ट्रिंग पाय मागे खेचतात, होडीचं वल्हं खेचावं तसा. पाण्यातून चालून आलेल्या माणसाच्या मांडीचा मागचा भाग आणि नितंब भरून येतात आणि पोटरी त्यामानाने ताजी राहते, याचं उत्तर या फेरवाटणीत आहे.

उलटं चालून पाहिलं तर वाटणी पुन्हा बदलते. मासुमोतोंच्या गटाने पाण्यात पुढे चालणं आणि मागे चालणं यांची तुलना केली, तेव्हा मागे चालताना पाठीच्या कण्यालगतचे, मांडीच्या पुढच्या बाजूचे आणि नडगीचे स्नायू जास्त कामाला लागले. फिजिओथेरपिस्ट तलावात रुग्णाला मागे मागे चालायला लावतात, त्यामागे अशी नोंद आहे.

व्यायामाच्या ठराविक हालचालींतही पाणी असंच वागतं, आणि इथे एक बारीक भेद कळीचा ठरतो. खुर्चीत बसून गुडघा सरळ करायचा आणि परत दुमडायचा, हा साधा व्यायाम घ्या. जमिनीवर पाय वर नेताना क्वाड्रिसेप्स आखडत काम करतात, आणि खाली आणताना तेच स्नायू लांब होत होत पाय सावकाश सोडतात. विहिरीतून बादली ओढणारा हातच दोर हळूहळू सोडतो, तसं. पाण्यात पाय खाली पडत नाही, उलट वर तरंगू पाहतो, आणि प्रत्येक दिशेला पाणी अडवतं. म्हणून वर नेताना क्वाड्रिसेप्स आणि खाली आणताना हॅमस्ट्रिंग, असे दोघं आळीपाळीने ओढतात. स्नायू लांब होत असताना करायच्या कामाला पाण्यात जवळजवळ जागा उरत नाही. दुसऱ्या दिवशीचे ते अवघडलेले, दुखरे पाय मुख्यतः याच प्रकारच्या कामाने येतात. पाण्यातल्या उड्यांनंतर अंग कमी दुखतं ते म्हणूनच.

पोयहोनेन यांनी २००१ मध्ये हाच व्यायाम सलग, वेगाने करवून घेतला आणि आणखी एक पदर उलगडला. पाय पुढे जाताना पाणीही त्याच्यासोबत वाहू लागतं. पाय उलट वळवायची वेळ आली की हे वाहतं पाणी त्याला पुढेच ढकलतं. म्हणून हालचाल संपायच्या बरीच आधी पुढचा स्नायू शांत होतो आणि मागचा स्नायू ब्रेक लावायला उठतो. पुढे त्यांच्याच गटाने निरोगी स्त्रियांना पायात रुंद बूट घालून १० आठवडे पाण्यात व्यायाम करायला लावला. बूट जितका रुंद तितका विरोध मोठा. दहा आठवड्यांनी त्यांच्या मांड्यांची ताकद वाढली होती आणि स्नायूंचा आकारही. पाण्यातला व्यायाम फक्त आजाऱ्यांसाठी असतो, हा समज इथे गळून पडतो.

पाय तळाला टेकलेच नाहीत तर काय होतं, हे मराठी मुलुखातल्या जुन्या पिढीला प्रयोगाशिवाय ठाऊक आहे. गावच्या विहिरीत पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा, नाहीतर झाकण घट्ट बसवलेला पत्र्याचा डबा बांधत. काठावरून काका ओरडत, पाय मार, पाय मार, आणि पोरगं उभ्याउभ्या पाण्यात सायकल चालवल्यासारखे पाय मारत राही. आज खेळाडू कंबरेला फोमचा पट्टा बांधून खोल पाण्यात जागच्या जागी धावतात ते याच तत्त्वावर. घोटा मुरगळलेला किंवा हाडाला बारीक चीर गेलेला धावपटू जमिनीवर पाय टेकवू शकत नाही, पण असा तासभर घाम गाळू शकतो. जमिनीवर धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-तीन पट धक्का बसतो, इथे धक्का शून्य. जपानी संशोधकांनी या धावण्याच्या ईएमजी नोंदी घेतल्या. टेकायला तळ नसल्याने पोटरीचं काम खूप घटलेलं दिसलं, आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचं काम मात्र वाढलेलं. विहिरीत पाय मारून दमलेल्या पोराच्या मांड्या दुखायच्या, त्या उगाच नव्हे.

पाण्यात पाय जागवण्याची कल्पना ईएमजीपेक्षा जुनी आहे. १९२४ साली अमेरिकेतले अस्थिव्यंगतज्ज्ञ चार्ल्स लोमन यांनी शिकागोतल्या एका शाळेत लुळी पडलेली मुलं लाकडी हौदात व्यायाम करताना पाहिली. लॉस एंजेलिसला परतल्यावर त्यांनी आपल्या रुग्णालयाच्या आवारातलं कमळांचं तळं उपचाराच्या तलावात बदलून टाकलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज येथे पोचले. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्यांच्या दोन्ही पायांतलं बळ आजाराने गेलं होतं. सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या त्या नैसर्गिक झऱ्याच्या पाण्यात, जमिनीवर जे पाय उभे राहत नव्हते ते हलू लागले. त्यांनी १९२६ मध्ये ती जागा विकत घेतली आणि पुढच्या वर्षी पोलिओग्रस्तांसाठी संस्था उभी केली. झऱ्याने त्यांचे पाय बरे केले नाहीत. पण क्षीण स्नायूला गुरुत्वाकर्षणाशी झगडावं लागलं नाही, तर त्याच्यात उरलेलं थोडंसं बळही हालचालीत उतरतं, हे तिथे जगाच्या नजरेला आलं.

आज तलावाकडे येणाऱ्यांत सर्वांत मोठा गट गुडघ्याच्या आणि खुब्याच्या संधिवाताचा आहे. २०१६ च्या कॉक्रेन परीक्षणात अशा रुग्णांवरच्या १३ चाचण्या आणि १,१९० माणसं एकत्र तपासली गेली. पाण्यातल्या व्यायामाने दुखणं आणि अडलेल्या हालचाली यांत अल्पकाळासाठी थोडी सुधारणा दिसली. हा शब्द थोडी असाच वाचावा. चमत्काराची अपेक्षा ठेवून आलेला माणूस महिन्याभरात तलाव सोडतो. पण जमिनीवर चार पावलंही चालवत नाहीत म्हणून ज्याने व्यायामच बंद केला आहे, त्याच्यासाठी दुखण्याशिवाय हलणारा गुडघा ही फार मोठी गोष्ट असते.

पाणी जे देत नाही त्याचीही नोंद हवी. हाडं भाराने बळकट होतात आणि पाणी भारच काढून घेतं, त्यामुळे ठिसूळ होत चाललेल्या हाडांसाठी केवळ पाण्यावर विसंबून चालत नाही. पोटरीला काम कमी पडतं. जिना उतरताना लागणारं, लांब होत जाणाऱ्या क्वाड्रिसेप्सचं कसब पाण्यात फारसं घोटलं जात नाही. म्हणून चांगला फिजिओथेरपिस्ट रुग्णाला पाण्यातून जमिनीकडे टप्प्याटप्प्याने आणतो: आधी छातीभर, मग कंबरभर, मग मांडीभर, मग कोरड्या फरशीवर. पाण्याचं तापमानही बघावं लागतं. उपचाराचा तलाव साधारण ३३ ते ३५ अंशांवर ठेवतात, शर्यतीचा २५ ते २८ अंशांवर. थंड पाण्यात आखडलेला स्नायू वेगळ्या तऱ्हेने वागतो. हृदयविकार, उघडी जखम किंवा आकडीचा त्रास असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

पुढची पानं वाचताना चार गोष्टी हाताशी ठेवल्या तर कुठलाही आलेख परका वाटणार नाही. पाणी कुठवर होतं, वेग कसा ठरवला, इलेक्ट्रोड कसे झाकले आणि स्नायू कोणता. तलावाचा पास असलेल्या वाचकाने एक प्रयोग स्वतःही करावा. छातीभर पाण्यात नेहमीच्या चालीने वीस पावलं चालावं, एक तळहात मांडीच्या मागच्या बाजूवर ठेवून. मग कोरड्या फरशीवर तेच करावं. पाण्यात तळव्याखाली स्नायू बराच वेळ ताठ लागेल. फरशीवर तो चटकन आवळून सैल होईल.

प्रयोग संपवून माणूस पायऱ्यांनी वर येतो तेव्हा सगळा विषय काही सेकंदांत उलगडतो. सर्वांत खालच्या पायरीवर पाणी छातीशी, पावलांवर तिसरा हिस्सा भार. दोन पायऱ्या चढल्यावर पाणी कंबरेशी, भार निम्मा. हात कठड्याकडे जातो. पाणी मांडीखाली येतं तसे क्वाड्रिसेप्स कसू लागतात, गुडघ्यात जुनी कळ क्षणभर डोकावते. वरच्या पायरीवर शरीर पूर्ण वजनाने पावलांवर येतं, आणि इतका वेळ निवांत असलेली पोटरी टाच उचलून पहिलं कोरडं पाऊल टाकते.